नावाड्याचा अधू पाय

सकाळी अकरा वाजता सुतार फलकाचा पहिला स्क्रू बसवायला वाकला, तेव्हा मागून एक बाई म्हणाल्या, "जरा थांबता का?"

सुतार थांबला. कोण म्हणालं ते त्याने वळूनही पाहिलं नाही. सकाळपासून चार जणांनी त्याला चार वेगवेगळ्या जागा दाखवल्या होत्या. पाचवं कुणी थांब म्हणत असेल तर त्याची काही तक्रार नव्हती.

नदी संग्रहालय म्हणजे पूर्वीचं पंपघर. पंप काढून नेले होते, तेलाचा वास तेवढा राहिला होता. मधोमध दोन लाकडी घोड्यांवर होडी ठेवली होती. नव्या पुलाचा खांब खणताना गाळात सापडलेली, काळी पडलेली, एका अंगाच्या दोन फळ्या गेलेली. तिच्याभोवती घरचे सगळे उभे होते. चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या प्लास्टिकच्या खुर्चीत, शेजारी तिचा थोरला भाचा आणि त्याची बायको, खिडकीपाशी धाकटा, आणि फलकाच्या अगदी जवळ मधली. तिन्ही भावंडांचे वडील, म्हणजे आत्याचा भाऊ, जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते असते तर कार्यक्रम तासभर आधी सुरू झाला असता आणि एव्हाना भांडणही उरकलं असतं.

हा दिवस उगवला तो मधलीमुळे. ती जमीन मोजणीच्या खात्यात होती आणि सहा वर्षं सुट्टीचे दिवस घालवून तिने पूर्वज शोधले होते. नदीकाठची सगळी जुनी दफ्तरं दोन पुरांत वाहून गेलेली, तेव्हा तिने माणसं शोधली. म्हातारे कोळी, म्हातारे वाळू उपसणारे, एक म्हातारा तिकीटबाबू. प्रत्येक जण नदीविषयी तासभर बोलायचा आणि शेवटी विचारायचा, पण तुमच्या घरात कुणाला काही आठवत नाही का? आठवत होतं. आत्याला. आत्याचे आजोबा या नदीवरचे नावाडी, पायाने अधू, आणि आत्या लहानपणी त्यांच्या होडीत बसायची. घर यावरच वाढलं होतं. थोरल्याच्या दुकानावर 'नावाडी कुलूपवाले' अशी पाटी होती. कुलपांचा नि नावेचा काय संबंध, असं गिऱ्हाइकाने विचारलं की थोरला सगळं सांगत बसायचा. तोवर किल्ली घासून व्हायची.

"मी पलीकडच्या काठावरून आले," त्या बाई म्हणाल्या. ऐंशीच्या आसपासच्या, ताठ, हातात दुमडलेली छत्री. "दातांची डॉक्टर होते. आता दवाखाना बंद केला. ही होडी माझ्या आजोबांची आहे."

 संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. हे गृहस्थ सभ्य होते आणि त्यांना दुपारी दुसरीकडे एका जात्याचं उद्घाटन होतं.

"बाई, आम्ही जाहीर सूचना लावली होती. महिनाभर."

"कुठे?"

"दोन्ही काठांना."

"आमच्या काठाला न्हाव्याच्या दुकानात लावली होती. मी न्हाव्याकडे जात नाही. काल त्याची दाढ दुखायला लागली म्हणून तो माझ्याकडे आला, तेव्हा कळलं."

"तरी एवढं सगळं ठरल्यावर..." थोरला म्हणाला.

"ठरलंय कुठे अजून? स्क्रू त्यांच्या हातात आहे." बाईंनी चष्मा लावला आणि फलकाशी वाकून वाचलं. फलक पितळी होता, अक्षरं खोदलेली. मजकूर मधलीने दिला होता आणि तीनदा तपासला होता. 'ही होडी चालवणारे नावाडी उजव्या पायाने अधू होते. तरीही त्यांनी आयुष्यभर लोकांना पार नेले. त्यांच्या नात-पतवंडांकडून.'

"उजव्या कोण म्हणालं?" बाईंनी विचारलं.

"मी," आत्या खुर्चीतून म्हणाली.

"डावा होता."

"उजवा."

"आजी," अधिकारी म्हणाले. हे कोणत्या आजीला उद्देशून ते त्यांनी मोघम ठेवलं. "जरा शांतपणे घेऊ."

दोघी शांतच होत्या. आवाज चढायच्या बेतात होता तो थोरल्याचा.

धाकट्याने कोपऱ्यातली दुसरी खुर्ची उचलली आणि बाईंना बसायला दिली. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी बाहेरून बोलत राहण्याची सवय असल्याने त्याला कुणाचीच बाजू चटकन घ्यावीशी वाटत नसे. घरात याला तो फितूर आहे असं म्हणायचे.

"खुर्ची कुणाची, बसतंय कोण," थोरला बायकोला ऐकू जाईल इतपत म्हणाला.

"अहो, म्हाताऱ्या आहेत त्या. बसू द्या की," वहिनी म्हणाल्या. "बसल्याने होडी मिळते असं कुठे आहे?"

अधिकाऱ्यांना एक गोष्ट सुचली. होडी सापडली तेव्हा आतलं लाकूड त्यांनी स्वतः साफ करून घेतलं होतं. बसायच्या फळीसमोर एक आडवी पट्टी होती, पाय रोवायची. "वल्हं मारताना माणूस हाताने ओढतो तेवढाच पायानेही रेटतो," ते म्हणाले. "एक पाय अधू असेल तर दुसऱ्याच पायाखालची पट्टी झिजलेली असणार. बघू या ना. होडीला काही कुणाची भीड नाही."

मधलीने विजेरी घेतली आणि वाकली. ती असली कामं स्वतः करायची, कारण दुसऱ्याने केलेली मोजणी तिला पटत नसे. आधी तिने नावाडी बसायचा कुठे, तोंड कुणीकडे, हे पक्कं केलं. वल्ह्यांचे खुंटे आणि पट्टी पाहता त्याचं तोंड होडीच्या मागच्या बाजूला होतं. वल्हवणारा उलटाच बसतो. जायचंय त्या काठाकडे पाठ आणि सोडलेल्या काठाकडे तोंड. मग तिने त्याच्यासारखं तोंड करून पट्टीवर हात फिरवला. उजवीकडे लाकूड वाटीसारखं खोल गेलं होतं. डावीकडे करवतीच्या खुणा अजून लागत होत्या.

ती उभी राहिली. विजेरी बंद केली.

"काय?" थोरल्याने विचारलं.

"उजवीकडे झिजलंय."

"मग बरोबर की. उजवा."

"झिजलाय तो चांगला पाय, दादा. अधू डावा."

 बाईंनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आत्या," थोरला खुर्चीपाशी उकिडवा बसला, "नीट आठव बरं. घाई नाही."

"मला नीटच आठवतं. हाच पाय." आत्याने आपल्या उजव्या मांडीवर थाप मारली. "जेवते त्या हाताकडचा. तो असा लांब सोडून बसायचे ते."

"म्हणजे तो नावाडी दुसरा कुणीतरी," धाकटा म्हणाला. "नदीवर काय एकच नावाडी होता?"

"एकच होता," आत्या आणि बाई एकदम म्हणाल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"तू गप्प बस," थोरला धाकट्याला म्हणाला.

"मी फक्त म्हटलं. हल्ली थुंकी तपासून सांगतात. नातं आहे की नाही, किती आहे, सगळं. दोघींनी एकेका डबीत..."

"मी कुणाच्या डबीत थुंकणार नाही," आत्या म्हणाली.

"मीही नाही," बाई म्हणाल्या. "जन्मभर लोक माझ्यासमोर थुंकत आले. तेवढं पुरे."

दोघींचं हे दुसरं एकमत. अधिकाऱ्यांनी ते डोक्यात टिपून ठेवलं.

मधली मात्र अजून त्या पट्टीपाशीच होती. आत्या खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं. आत्याला परवाचं आठवत नसे, पण ऐंशी वर्षांपूर्वीचं एकेक बटण आठवायचं. पट्टीही खोटं बोलत नव्हती. मोजणीत दोन खऱ्या खुणा जुळल्या नाहीत की चूक बहुतेक वेळा उभं राहायच्या जागेत असते. तिने कोपऱ्यातली बादली आणली, उपडी केली आणि आत्याच्या खुर्चीसमोर ठेवून तीवर बसली. गुडघ्याला गुडघा.

"आत्या, समज मी आजोबा. वल्हं मारतेय. अधू पाय कुठला, बोट दाखव."

आत्याने उजवा हात सरळ पुढे केला आणि समोरच्या गुडघ्यावर बोट टेकवलं. "हा. उजवा."

"तो माझा डावा, आत्या."

आत्याने बोट तसंच ठेवलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं, मधलीच्या पायाकडे पाहिलं. "अगंबाई," ती म्हणाली, फारसा सूर न बदलता.

"समोरून बघितलं की तसंच होतं," मधली उठून सगळ्यांना म्हणाली. "चार-पाच वर्षांची पोर. तिला उजवं म्हणजे आपल्या जेवायच्या हाताकडचं. ऐंशी वर्षं ती तेच धरून बसली. ती चुकली, पण ती चुकली म्हणूनच खरं आहे. जिने समोरासमोर पाहिलं तीच असं चुकेल. ऐकीव असतं तर तिने बरोबर सांगितलं असतं."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, आणि शिवाय बारा वाजत आले होते. थोरल्याने धाकट्याच्या पाठीत एक धपका घातला, ज्याचं काही कारण नव्हतं. वहिनींनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून फोडला आणि सगळ्यांना दिला, बाईंनाही. "फलकावर तेवढं उजव्याचं डाव्या करून घ्या," त्या सुताराला म्हणाल्या. सुताराने पितळेवर खोदलेलं तसं बदलत नाही असं सांगितलं. त्यावर थोरला म्हणाला, वर एक पट्टी चिकटवू. हे सगळं चाललं असताना मधलीला फार बरं वाटत होतं. सहा वर्षांत तिला असं बरं वाटलं नव्हतं.

बाईंनी बिस्कीट घेतलं होतं, पण खाल्लं नव्हतं.

"समोर म्हणजे तुम्ही कुठे बसायचात?" त्यांनी आत्याला विचारलं.

"मागच्या फळीवर. त्यांच्या अगदी पुढ्यात."

"दर वेळी?"

"दर वेळी. ती माझीच जागा."

"तिथे उतारू बसतात," बाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. दाढ काढावी लागेल हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"वल्हवणाऱ्याला पुढचं दिसत नाही, हे आत्ता या विजेरीवाल्या ताईंनीच पाहिलं. मग ओंडका वाहत आला, वाळू वर आली, तर बघायचं कुणी? घरचं पोर. ते पुढच्या टोकाला बसायचं आणि ओरडून सांगायचं. एक दिवस मी, एक दिवस माझा भाऊ. आमची पाठ आजोबांकडे, त्यांची आमच्याकडे. पाणी अंगावर यायचं ते आमच्या. मागच्या फळीवर बसायला मिळावं म्हणून मी रडले आहे. एकदाही बसवलं नाही. म्हणायचे, ती जागा बाहेरच्यांची."

पंपघरात कुणीतरी बिस्कीट चावत होतं, तेवढाच आवाज झाला. तो थोरला होता. त्याने चावणं थांबवलं.

मधलीने बादली उचलून जागेवर नेऊन ठेवली. ठेवताना ती हळू ठेवली. आत्या उतारूंच्या जागी बसायची, हे तिने स्वतःच, साक्षीपुराव्यानिशी, सरकारी माणसासमोर शाबीत केलं होतं. गप्प बसली असती तर निदान वाद राहिला असता.

"पायावर धोंडा पाडून घ्यायला आधी पाय शोधावा लागतो," वहिनी पुडा गुंडाळत पुटपुटल्या. "तो मात्र आपण बरोबर शोधला."

"लाडाची नात असेल तर समोर नाही का बसवणार?" थोरला म्हणाला. "कुणी नातीला पाण्यात भिजवतं का?"

"मीही नातच होते," बाई म्हणाल्या.

आत्या इतका वेळ ऐकत होती. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. तिने पदराने हात पुसले, जे ओले नव्हते. "मग मी कोण?" तिने विचारलं. तिने ते कुणा एकाला विचारलं नव्हतं.

तिला दुसरे कुणी आजोबा नव्हते. आईकडचे तिच्या जन्माआधी गेलेले. वडिलांनी कधी मागचं काही सांगितलं नाही, विचारलं तर उठून जायचे. एवढा एक माणूस होडीत बसलेला तिच्या वाट्याला आला होता, आणि तिने तो पुढे सगळ्यांना वाटला होता.

"आजी," धाकटा म्हणाला. घरात आत्याला कुणी आजी म्हणत नसे, म्हणजे तो बाईंशी बोलत होता. "आत्या पलीकडे कशाला यायची, हे कुणी विचारलंच नाही."

"खरंच, कशाला यायचात?"

"कशाला नाही," आत्या म्हणाली. "वडील मला काठावर आणायचे. होडीत बसवायचे. मी पलीकडे जायची आणि त्याच होडीने परत यायची. उतरत नव्हते तिथे. एक फेरी, बस."

"आणि वडील?"

"या काठावर उभे राहायचे. परत येईपर्यंत."

"तुमच्याबरोबर कधी आले नाहीत?"

"ते होडीत चढायचे नाहीत. कधीच नाही."

बाईंनी बिस्कीट रुमालात ठेवलं आणि रुमालाला घडी घातली.

"नावाड्याशी बोलायचे?"

"नाही. उचलून मला आत ठेवायचे आणि मागे सरायचे. आजोबाही त्यांच्याशी बोलायचे नाहीत. माझ्याशी बोलायचे."

"मला एक काका होते," बाई म्हणाल्या. "आजोबांचे धाकटे चिरंजीव. कशावरून तरी बिनसलं आणि ते या काठाला उतरून गेले. पुन्हा होडीत पाय ठेवला नाही. आमच्याकडे त्यांचं नाव काढत नसत. इतकं काढत नसत की मला ते माहीतच नाही. होते, एवढं माहीत आहे."

हे ऐकल्यावर पंपघरातली माणसं जागच्या जागी होती तरी सरकल्यासारखी झाली. थोरला तीन पावलांत बाईंच्या खुर्चीपाशी गेला. "ताई, चहा सांगू का? पाणी? पंखा जरा तुमच्याकडे करतो."

"पंखा नको," बाई म्हणाल्या. "आणि तुमची वरची दाढ दाखवून घ्या. एकाच बाजूने चावता आहात."

"दाखवतो ना. तुमच्याकडेच येतो."

"माझा दवाखाना बंद आहे."

"घरी येतो. आता आपलं काय..."

"दादा, थांब," धाकटा म्हणाला. सकाळपासून बाईंची बाजू घेतल्याचा ठपका होता त्याच्यावर, आणि आता तोच आडवा आला. "काका रुसून गेले म्हणून तेच आपले आजोबा, असं होत नाही. आपले आजोबा वीटभट्टीवर होते, हातात रविवार मोकळा. पोरीला हौसेने फेरी मारून आणत असतील. लोक पोरांना बागेत झोपाळ्यावर बसवतात, तसं. झोपाळेवाला काही आजोबा होत नाही."

"मग स्वतः का नाही चढले होडीत?"

"पाण्याला भीत असतील. मी भितो."

"तू कशाला भीत नाहीस?"

"आणि समजा हेच ते काका," वहिनी म्हणाल्या, "तरी घरातून हाकललेले झालो ना आपण? आजोबांनी नातीला बाहेरच्यांच्या जागी बसवलं, म्हणजे बाहेरचं धरलं. फलकावर तसं लिहायचं का?"

"हाकललेले चालतील," थोरला म्हणाला. "उतारू नकोत. उतारू काय, कुणीही असतं."

मधलीला हसू आलं नाही. तिच्या डोक्यात दोन काठ होते आणि मधे एक फेरी. एक माणूस काठावर उभा राहून पोर आत ठेवतो आणि मागे सरतो. दुसरा ते पोर समोर बसवून पलीकडपर्यंत नेतो आणि आणतो. ते दोघे बापलेक असतील तर त्याचा एक अर्थ होता. नसतील तर एका माणसाला रविवारी पोरीला कुठे न्यावं कळत नव्हतं, एवढाच. दोन्हींत होडी तशीच चालते, पट्टी तशीच झिजते. मोजून काही निघणार नव्हतं.

अधिकारी म्हणाले, "असं करू. दोघींनी आपापल्या जागी बसून बघावं. कधी कधी बसल्यावर आठवतं." जात्याच्या उद्घाटनाला उशीर होणार हे आता त्यांनी मनोमन मान्य केलं होतं. सुताराने घोड्या हलवून पाहिल्या, एकीखाली पाचर मारली आणि दोघी वजनाने हलक्या आहेत, चालेल, असं सांगितलं. मग स्टूल आलं. थोरल्याने आणि अधिकाऱ्यांनी मिळून आत्याला मागच्या फळीवर बसवलं. बाई पुढच्या टोकाला स्वतःच चढल्या आणि छत्री मांडीवर आडवी ठेवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. दोघींच्या मधे नावाड्याची फळी रिकामी होती. आत्याला बाईंची पाठ दिसत होती. बाईंना भिंत.

 आत्याने हात दोन्ही बाजूंना होडीच्या काठावर ठेवले. न बघता ठेवले, आणि ते जिथे पडायला हवेत तिथे पडले.

"तोंड कसं होतं त्यांचं?" बाईंनी विचारलं. त्या वळल्या नाहीत.

"कुणाचं?"

"आजोबांचं. तुम्ही समोर होतात. मी उठायच्या आधी ते नदीवर गेलेले असायचे आणि यायचे ते अंधारात. होडीत ही अशी. मला त्यांची पाठ माहीत आहे, सदऱ्यावरचं ठिगळ माहीत आहे. मी सात वर्षांची होते ते गेले तेव्हा. तेव्हा तोंडावर पांघरूण होतं."

आत्याने विचार केला. "नाक मोठं. भुवया जुळलेल्या. हसायचे नाहीत, पण वल्हं ओढताना दात आवळायचे, त्याने हसल्यासारखं दिसायचं. एक दात अर्धा तुटलेला."

"कुठला?"

"हा." आत्याने आपल्या ओठावर उजवीकडे बोट ठेवलं. बाईंना ते दिसणार नव्हतं हे तिच्या लक्षात आलं नाही.

"तुमच्या कुठल्या हाताला?" बाईंनी विचारलं.

"जेवायच्या."

"म्हणजे त्यांचा डावा. वरचा?"

"वरचा. टोकदार असतो ना, तो."

"सुळा," बाई म्हणाल्या. त्यांनी हळूच एक बोट आपल्या गालाला लावलं, डाव्या, आणि तिथेच ठेवलं. जन्मभर त्यांनी लोकांची तोंडं उघडून पाहिली होती. "डावा वरचा सुळा. अर्धा." त्या पुन्हा म्हणाल्या, जणू कुणीतरी शेजारी लिहून घेत होतं. कुणी घेत नव्हतं.

मधली खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. धाकट्याने सरकून जागा करून दिली. "ताई, तू बरोबर होतीस," तो हळूच म्हणाला. "समोरून पाहिलंय तिने."

"त्याचंच तर झालंय," मधली म्हणाली.

"एक विचारू?" बाई आता आत्याला म्हणाल्या. "फेरी संपली, होडी या काठाला लागली. उतरताना ते तुम्हाला हात द्यायचे, की तुम्ही तुमच्या उतरायचात?"

आत्याने होडीचा काठ सोडला आणि हात मांडीवर घेतले.

"का?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "त्यावरून कळतं?"

"आमच्याकडे त्याची रीत होती. घरच्यांना एक, उतारूंना एक."

"कुठली कुणाला?"

"ते आधी सांगितलं तर विचारून काय उपयोग?"

थोरला पुढे सरसावला. त्याने तोंड उघडलं, आत्याला काहीतरी सुचवायचं म्हणून. मग त्याच्या ध्यानात आलं की काय सुचवायचं हे त्याला माहीत नाही. हात दिला म्हणजे घरचं, की हात दिला म्हणजे बाहेरचं? त्याने बायकोकडे पाहिलं. वहिनींनी खांदे उडवले. त्याने मधलीकडे पाहिलं. मधलीने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला होता आणि दोन्ही बाजू सारख्याच पटत होत्या. माणूस आपल्याच पोराला हात देतो. माणूस आपल्या पोराला हात देत नाही, उडी मारायला लावतो. पंपघरातल्या सगळ्यांत उत्तर एकीला ठाऊक होतं, त्याचा अर्थ दुसरीला, आणि दुसरी भिंतीकडे बघत होती.

"आत्या, जे आठवतं ते सांग," मधली म्हणाली. हे म्हणताना तिला कळलं की आपण हे सहा वर्षांत पहिल्यांदाच म्हणतोय. आजवर ती विचारायची, नावाडी आजोबा कसे होते, सांग.

आत्या आपल्या हातांकडे बघत होती. ती वर्षानुवर्षं होडी सांगत आली होती. पाय, पाणी, खुंट्यांचा आवाज, फळीचा ओलेपणा. उतरणं तिने कधीच सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांची गोष्ट होडीत बसल्यावर संपायची.

"नाही आठवत तर नाही म्हणा," बाई म्हणाल्या. आवाज सौम्य होता. "मी काही फलक उचलून नेणार नाही."

"आठवत नाही असं मी म्हटलं का?"

"नाही म्हटलंत."

"मग."

साडेबारा वाजता सुतार फलक भिंतीला उलटा टेकवून, चारही स्क्रू खिशात टाकून जेवायला गेला. अधिकाऱ्यांनी जात्याच्या लोकांना फोन करून आपली वाट बघू नका म्हणून कळवलं. थोरला स्टूल घेऊन होडीच्या मागच्या अंगाला आला. "आत्या, चल, उतर आता. थोडं खाऊन घे, मग बघू." त्याने हात पुढे केला.

आत्याने त्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पुढच्या टोकाला बाईंनी मान किंचित वळवली, पण मागे बघण्याइतकी नाही.

"हात खाली घे," आत्या म्हणाली. "मला आठवू दे."

थोरल्याने हात खाली घेतला. दीड वाजला तेव्हा त्या दोघी होडीतच होत्या.